एक ‘रन’ आणि ६४५ अर्थ

फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू प्रेक्षकांच्या डोक्यावरून थेट स्टँडमध्ये जाऊन पडला. पंचांचे दोन्ही हात वर! आता मैदानाकडे नीट बघा बरं. फलंदाज आपल्या जागेवरच आहे. पलीकडच्या टोकाचा त्याचा जोडीदारही बॅटला रेलून उभा आहे. कुणी एक पाऊलसुद्धा धावलेलं नाही. तरी फळ्यावर रन किती वाढले? तब्बल सहा!

‘रन’ म्हणजे धावणं, हे तर आपण पहिली-दुसरीतच शिकतो. मग न धावता सहा रन आले कुठून?

उत्तर जुन्या इंग्लंडमध्ये आहे. तिथे क्रिकेट सुरू झालं तेव्हा मैदानाला दोरी नसायची, सीमारेषाही नसायची. चेंडू कितीही लांब जावो, तो परत येईपर्यंत दोघा फलंदाजांनी या टोकाकडून त्या टोकाकडे पळत राहायचं. गुण मोजणारा माणूस बाजूला एक काठी घेऊन बसलेला असायचा आणि दर फेरीला काठीवर चाकूने एक खाच पाडायचा. गुणाला तेव्हा नावही ‘नॉच’, म्हणजे खाच, असंच होतं. हळूहळू काठी गेली, कागद आला आणि पळण्याच्या फेरीचं नाव गुणाला चिकटलं: रन. पुढे सीमारेषा आली. चेंडू तिथवर पोहोचला तर उगाच पळायला नको, असं ठरलं. पळणं सुटलं, पण नाव तेच राहिलं.

आपल्या ‘धाव’ या शब्दाचंही मग तसंच झालं. क्रिकेट आपल्याकडे येण्याआधी धाव ही काही मोजून फळ्यावर लिहायची गोष्ट नव्हती. आता धावफलक आहे, धावसंख्या आहे, आणि एक पाऊलही न धावता काढलेल्या सहा धावाही आहेत.

ही ‘रन’च्या एका अर्थाची गोष्ट झाली. या इवल्याशा शब्दाला असे किती अर्थ असतील? दहा? वीस? चला, धीर करून शंभर म्हणा. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ हा इंग्रजीचा सगळ्यात प्रसिद्ध मोठा कोश. त्याच्या संपादकांनी २०११च्या सुमारास ‘रन’चं काम नव्याने पूर्ण केलं, तेव्हा मोजणी झाली ६४५! आणि तीही फक्त क्रियापदाची. फळ्यावर चढणारा आपला क्रिकेटचा रन यात धरलेलाच नाही, कारण तो नाम आहे आणि नामांची यादी वेगळी असते. पीटर गिलिव्हर या एकट्या कोशकाराला या एका क्रियापदासाठी नऊ महिन्यांहून जास्त वेळ लागला. शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष, आणि शब्द एकच!

त्याआधी पहिला नंबर ‘सेट’ या शब्दाचा होता. जेली सेट होते, सूर्य सेट होतो, गजर सेट करतात... १९८९ साली निघालेल्या २० खंडांच्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

पण हे अर्थ मोजतात तरी कसे? अर्थ काही पोत्यातले आंबे नाहीत, की ओतले आणि मोजले. त्यासाठी आपल्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये जावं लागेल, जिथे या ऑक्सफर्ड कोशाचं काम चालायचं.

लंडनमधल्या काही भाषाप्रेमी मंडळींच्या मनात १८५७ साली एक कल्पना आली: इंग्रजीतला प्रत्येक शब्द गोळा करायचा, तो पहिल्यांदा कधी लिहिला गेला ते शोधायचं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याचे अर्थ कसकसे बदलत गेले ते दाखवायचं. कल्पना मोठी आणि काम त्याहून मोठं. १८७९ साली ते जेम्स मरे यांच्याकडे आलं. मरे शाळामास्तर होते आणि त्यांना भाषांचं भारी वेड होतं. त्यांनी बागेत पत्र्याची एक खोली उभारली, तिच्या भिंतींना हजारभर छोटे छोटे कप्पे करून घेतले आणि जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्यांना जाहीर विनंती केली: तुम्ही जे पुस्तक वाचत असाल, त्यात एखादा शब्द लक्षात राहण्यासारखा वापरलेला दिसला, तर ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा आणि आम्हाला पाठवा.

आणि लोकांनी पाठवल्या की! चिठ्ठ्यांची पोतीच्या पोती आली. पुढे मरे ऑक्सफर्डला राहायला गेले, तिथेही त्यांनी बागेत तशीच खोली बांधली. शेजाऱ्यांच्या खिडकीतून दिसणारं दृश्य बिघडू नये म्हणून ती थोडी जमिनीत खोल बसवावी लागली, त्यामुळे थंडीत आत नुसता गारठा असायचा. मरे यांच्या नावाने टपाल इतकं यायचं आणि जायचं, की टपालखात्याने त्यांच्या घराबाहेर खास एक लाल पेटी बसवली.

आता तुमच्या कामाची गोष्ट. मरे यांना ११ मुलं होती आणि या चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमाने लावायचं काम ती मुलं करायची! त्याबद्दल त्यांना खाऊचे पैसे मिळायचे, आणि वय वाढेल तसा दरही वाढायचा. जगातल्या सगळ्यात मोठ्या कोशांपैकी एकाला तुमच्याएवढ्या मुलांचे हात लागले आहेत, हे मला फार आवडतं. त्यातल्या एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोघी बहिणी तर मोठेपणीही कोशाच्या कामात राहिल्या.

मरे १९१५ साली वारले, तेव्हा काम अर्धवटच होतं. कोश पुरा झाला १९२८ साली. त्यात ४,१४,८२५ शब्द होते. चिठ्ठ्यांवरच्या १८ लाखांहून अधिक वाक्यांना त्यात जागा मिळाली होती.

आता कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर ‘रन’च्या चिठ्ठ्यांचा ढीग आहे. एका चिठ्ठीवर मुलगा ‘रन’ करतोय. दुसरीवर नदी ‘रन’ करतेय. तिसरीवर सर्दीने नाक ‘रन’ करतंय. चौथीवर धुतलेल्या कुडत्याचा रंग ‘रन’ झालाय, म्हणजे इतर कपड्यांना लागलाय. पाचवीवर कुणाची तरी आजी दुकान ‘रन’ करतेय. सहावीवर घड्याळ, सातवीवर आगगाडी, आठवीवर संगणकाचा प्रोग्रॅम. एकावर साखर ‘रन आउट’ झालीये, म्हणजे संपलीये. आणखी एकावर कुणी तरी वर्तमानपत्रात बातमी ‘रन’ केलीये, म्हणजे छापलीये. कोशकाराचं काम म्हणजे या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करणं. एका अर्थाचा एक गठ्ठा.

नाक आणि नदी एकाच गठ्ठ्यात टाकायची का? दोन्हीकडे काही तरी वाहतंयच की! पण नदी स्वतः वाहते, नाक काही वाहत जात नाही, नाकातून वाहतं. मग दोन गठ्ठे? इथे कोशकारांची रात्रीची झोप उडते. भाषेचे अभ्यासक अशा वेळी एक झकास युक्ती वापरतात. ती आपण मराठीत करून बघू, म्हणजे लगेच कळेल.

हे वाक्य मोठ्याने वाचा: ‘गणूला भूक आणि तहान लागली.’ छान आहे, काही खटकलं नाही. आता हे वाचा: ‘गणूला भूक, ठेच आणि नोकरी लागली.’

हसलात ना? का हसलात? तिन्ही गोष्टी लागतातच की! भूक लागते, ठेच लागते, नोकरीही लागते. पण एकाच ‘लागली’ने तिघींना बांधलं, की वाक्य लंगडतं. कारण प्रत्येकीचं लागणं वेगळं आहे. भूक आणि तहान मात्र सुखाने एकत्र नांदतात, कारण त्यांचं लागणं एकाच जातीचं. वाक्य लंगडलं की समजायचं, दोन अर्थ आहेत, दोन गठ्ठे करा. इंग्रजीतही ‘ती शर्यत आणि दुकान रन करते’ असं म्हटलं तर ऐकणारा असाच हसतो.

ही युक्ती प्रत्येक वेळी स्वच्छ उत्तर देते असं नाही. काही वाक्यं एकाला खटकतात, दुसऱ्याला चालतात. म्हणून वेगवेगळ्या कोशांत ‘रन’च्या अर्थांचे आकडे वेगवेगळे असतात. मरे यांच्या कोशाला बारीकात बारीक फरक नोंदवायचा असतो, म्हणून तिथे ६४५. तुमच्या दप्तरातल्या छोट्या कोशात पंचवीस-तीस असले, तरी तो काही चुकीचा नाही. त्याने गठ्ठे मोठे केलेत, एवढंच.

बरं, एका शब्दाच्या अंगाला इतके अर्थ चिकटले कसे? वडाचं झाड आठवा. फांदीवरून पारंबी लोंबते, जमिनीत रुजते, जाड होते आणि मग तिच्यातूनही नव्या फांद्या फुटतात. काही वर्षांनी मूळ खोड कुठलं ते ओळखूसुद्धा येत नाही. ‘रन’चं अगदी तसंच झालंय. तेव्हा आधी मूळ खोडापाशी जाऊ.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचं एक रूप होतं ‘इर्नन’. त्यात ‘र’ आणि शेजारचा स्वर यांनी जागा बदलली होती. बोलताना असं होतं. आपल्याकडे नाही का काही जण नुकसानला ‘नुसकान’ म्हणत? या जुन्या शब्दाला पहिल्यापासूनच दोन अर्थ होते: धावणं आणि वाहणं. त्याचे जर्मन भाषेतले भाऊबंद आजही वेगळे राहतात. तिथे ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे पाणी वाहणं, ओघळणं. इंग्रजीत दोघे एकाच घरात राहिले. म्हणून नदी, नळ, नाक आणि कुडत्याचा रंग ही सगळी ओली मंडळी ‘रन’च्या अगदी जुन्या फांदीवर बसलेली आहेत.

दुसरी एक फार मोठी फांदी आहे. मराठीत मुलगा पळतो आणि चोर पिशवी पळवतो. गाडी चालते आणि ड्रायव्हर गाडी चालवतो. स्वतः करणं आणि दुसऱ्याला करायला लावणं यासाठी आपण शब्दाचं रूप बदलतो. जुन्या इंग्रजीतही यासाठी दोन वेगवेगळी, पण दिसायला सारखी क्रियापदं होती. काळाच्या ओघात ती झिजली आणि एकमेकांत मिसळून एकच ‘रन’ उरलं. त्यामुळे घोडाही ‘रन’ करतो आणि घोड्याला पळवणारा स्वारही घोडा ‘रन’ करतो. यंत्र ‘रन’ करतं, यंत्र चालवणाराही ‘रन’ करतो. झाले ना अर्थ एका फटक्यात दुप्पट!

आणि मग यंत्रं आली. वाफेचं इंजिन आलं, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या. या नव्या वस्तूंच्या हालचालीला काय म्हणायचं? नवा शब्द घडवत कोण बसणार? ‘रन’ होताच हाताशी. आगगाडी रुळांवरून ‘रन’ करू लागली, मग गिरणी, मग मोटार. या सगळ्यांत निदान एखादं चाक तरी फिरत होतं. पण संगणकावर प्रोग्रॅम ‘रन’ करतो तेव्हा काय हलतं? पडद्यामागे विजेचे बारीक बारीक संदेश इकडून तिकडे जात असतात, पण आपल्या डोळ्यांना काहीच धावताना दिसत नाही. तरी शब्द चालून जातो.

नाटकाचाही ‘रन’ असतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं ‘द माउसट्रॅप’ हे रहस्यनाटक १९५२ साली सुरू झालं आणि २०२० साली कोरोनाने नाट्यगृहं बंद करेपर्यंत त्याचा ‘रन’ अखंड चालू राहिला. २०२१ साली ते पुन्हा सुरूही झालं! मराठीत आपण म्हणतो, नाटक चांगलं चाललंय. इंग्रजांचं नाटक धावतं, आपलं चालतं.

निवडणुकीचं तर विचारूच नका. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. भाषा एकच, पण समुद्राच्या एका काठावर धावतात, दुसऱ्या काठावर उभे राहतात. आणि मराठीत? ‘काका यंदा ग्रामपंचायतीला उभे राहिलेत.’ म्हणजे या बाबतीत आपण ब्रिटनच्या बाजूचे.

आता मला सगळ्यात नवल वाटणारा अर्थ. इंग्रजीत रस्तासुद्धा ‘रन’ करतो. कुंपण बागेभोवती ‘रन’ करतं. भिंतीवरची भेग वरून खाली ‘रन’ करते. अरे, पण रस्ता तर जागचा हलत नाही! तुम्ही म्हणाल, हे इंग्रज भलतेच. पण मग आपण नाही का विचारत, ‘अहो, हा रस्ता कुठे जातो?’ एखाद्या चेष्टेखोर आजोबांनी सांगावं, ‘तो कुठे जात नाही बाळ, मी लहानपणापासून त्याला इथेच बघतोय!’

अशी वाक्यं ऐकताना आपल्या डोक्यात नेमकं काय होतं? अमेरिकेतल्या टीनी मॅटलॉक या संशोधिकेने २००४ साली याचा फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तिने काही लोकांना एक छोटी गोष्ट वाचायला दिली. गोष्टीत एक माणूस गाडीने वाळवंट ओलांडत असतो. काहींच्या गोष्टीत तो भरधाव जातो, काहींच्या गोष्टीत रखडत रखडत. गोष्ट वाचून झाली की पडद्यावर एक वाक्य यायचं: रस्ता वाळवंट ओलांडून जातो, अशा अर्थाचं. वाक्याचा गोष्टीशी संबंध आहे की नाही, ते बटण दाबून सांगायचं. रखडणाऱ्या प्रवासाची गोष्ट वाचलेल्यांना बटण दाबायला जास्त वेळ लागला! वाक्यातला रस्ता तर तोच होता, स्थिर. म्हणजे ‘रस्ता जातो’ हे वाचताना ती माणसं मनातल्या मनात त्या रस्त्यावरून जात होती, आणि मनातला प्रवासही गोष्टीतल्या प्रवासाइतकाच हळू चालला होता. रस्ता वाळवंटात ‘आहे’ असं साधं वाक्य दिलं, तेव्हा हा फरक पडला नाही. म्हणजे न हलणाऱ्या वस्तूला ‘रन’ म्हणताना आपलं मन खरोखरच थोडंसं हलतं. शब्दाच्या पोटात जुनं धावणं अजून शिल्लक असतं.

इथे एक फसवी गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक वेळी एका शब्दाचे अनेक अर्थ असतात असं नाही. कधी कधी दोन परके शब्द एकसारखा वेश करून येतात. इंग्रजीत ‘बॅट’ म्हणजे चेंडू फटकवायची बॅट, आणि ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळही. यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. वटवाघळाचा शब्द पूर्वी ‘बाक’सारखा उच्चारायचे, तो बदलत बदलत बॅटसारखा दिसू लागला. आपल्याकडेही पाण्यावरची नाव आणि तुमचं-माझं नाव, यांची संस्कृत मुळं वेगवेगळी आहेत. अशा शब्दांना कोशात वेगवेगळी जागा मिळते. ‘रन’चे ६४५ अर्थ मात्र सख्खे-चुलत का होईना, एकाच घराण्यातले.

तर मग समोरचा माणूस ‘रन’ म्हणाला, की आपला मेंदू ६४५ अर्थांतून नेमका हवा तो कसा उचलतो? आणि तेही पापणी लवायच्या आत?

डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली हे शोधायला इंग्रजीतला ‘बग’ हा शब्द घेतला. बग म्हणजे किडा, आणि बग म्हणजे दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं छोटं यंत्र. त्याने लोकांच्या कानाला हेडफोन लावले आणि एक उतारा ऐकवला. उताऱ्यात कोळी आणि झुरळांच्या जोडीने ‘बग’ शब्द आला होता. म्हणजे इथे बग म्हणजे किडा, यात शंकेला जागाच नव्हती. ‘बग’ कानावर पडला रे पडला, की लगेच समोरच्या पडद्यावर एखादा शब्द चमकायचा: कधी ‘मुंगी’, कधी ‘हेर’, कधी ‘शिवणं’, अर्थात इंग्रजीतून. पडद्यावरची अक्षरं म्हणजे खरा शब्द आहे की नुसतीच अक्षरांची खिचडी, एवढंच ऐकणाऱ्याने झटकन सांगायचं.

किड्यांबद्दल ऐकत असताना ‘मुंगी’ लवकर ओळखली, यात नवल नाही. पण ‘हेर’ हा शब्दही तितक्याच लवकर ओळखला गेला! ‘शिवणं’ला मात्र वेळ लागला. म्हणजे मेंदूने ‘बग’ ऐकताक्षणी किडा आणि चोरून ऐकायचं यंत्र असे दोन्ही अर्थ जागे केले होते. मग स्विनीने पडद्यावरचा शब्द किंचित उशिरा दाखवला, फक्त तीन अक्षरं बोलायला लागतो तेवढा उशीर, सेकंदभरसुद्धा नाही. आता ‘मुंगी’ अजूनही लवकर ओळखली जात होती, पण ‘हेर’चा वेग ‘शिवणं’इतकाच मंदावला होता. तेवढ्या वेळात मेंदूने आजूबाजूच्या शब्दांकडे बघून नको असलेला अर्थ झोपवून टाकला होता.

हे आत्ता, हा लेख वाचतानाही तुमच्या डोक्यात चाललेलं आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. मला तर हे आकाशगंगेइतकं अद्भुत वाटतं.

संगणकाला मात्र हे काम फार जड गेलं. संगणकाकडून भाषांतर करून घ्यायचे प्रयत्न चालू होते तेव्हाची, १९६० सालची गोष्ट. येहोशुआ बार-हिलेल या अभ्यासकाने एक साधं वाक्य पुढे केलं. एका लहान मुलाची खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये सापडली, अशा अर्थाचं. इंग्रजीत पेन म्हणजे लिहायचं पेन, आणि पेन म्हणजे रांगत्या बाळांना खेळायला बांधलेला छोटा कठडाही. इथला पेन कुठला, ते तुम्हाला लगेच कळलं. खेळण्यांची पेटी लिहायच्या पेनात मावेलच कशी? पण हे ‘मावणं’ संगणकाला सांगणार कोण, असा बार-हिलेल यांचा प्रश्न होता. आजचे संगणक प्रचंड मजकूर वाचून, कुठला शब्द कुणाच्या संगतीत येतो याचा अंदाज बांधतात आणि बऱ्याचदा अर्थ बरोबर ओळखतात. पण तिथवर यायला माणसांना कितीतरी वर्षं खपावं लागलं.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक अर्थाला एकेक स्वतंत्र शब्द दिला असता तर घोटाळाच झाला नसता. प्रश्न अगदी रास्त आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाला १९४०च्या दशकात दिसून आलं, की जो शब्द जास्त वापरात असतो, त्याचे अर्थही जास्त असतात. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी इंग्रजी, जर्मन आणि डच शब्द तपासले. त्यांना आढळलं, की आखूड, उच्चारायला सोपे आणि नेहमी लागणारे शब्दच अनेक अर्थांचं ओझं वाहतात. त्यांचं म्हणणं असं, की अर्थ ओळखायला आजूबाजूचं वाक्य असतंच. मग सोपा शब्द एकदाच वापरून का थांबायचं? ६४५ अर्थांना ६४५ शब्द करायचे, तर ते लांबलचक आणि अवघड होणार, आणि पाठ तुम्हालाच करावे लागणार! इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘रन’ हे तीन अक्षरांचं स्पेलिंग एकदा आलं, की शेकडो कामं होतात.

मराठीतही असे कष्टाळू शब्द आहेत, आणि आमच्या ‘लागणे’ची तर बातच और! मघाशी गणूला भूक, ठेच आणि नोकरी लागली होती. पण शाळेचा निकालही लागतो आणि सुट्टीही लागते. झाडाला कैऱ्या लागतात, मग आंबा गोड लागतो. ‘तो तुझा कोण लागतो?’ असं विचारतात तेव्हा कुणाला काहीही लागलेलं नसतं. आणि एसटी स्टँडवरची ही गंमत बघा: ‘फलाटावर बस लागली’ म्हणजे बस येऊन उभी राहिली, पण ‘मला बस लागते’ म्हणजे पिशवीत लिंबू ठेवा, मळमळणार आहे! पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट ‘लागतो’. घाट बिचारा जागच्या जागी. मॅटलॉक यांना मराठी येत असती, तर प्रयोगासाठी हे वाक्य त्यांनी नक्की उचललं असतं.

लंडनमध्ये इंग्रजी कोशाची कल्पना निघाली त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली आली होती १८३१ साली. हा जाडजूड कोश शिकागो विद्यापीठाने आता इंटरनेटवर ठेवलाय, कुणालाही बघता येतो. घरातल्या मोठ्यांना मदतीला घ्या आणि त्यात ‘लागणें’ उघडा. इंग्रजी अवघड वाटलं तर काही बिघडत नाही, मधली मराठी वाक्यं वाचा.

आणि त्याआधी मरे यांच्या मुलांसारखं एक काम करा. जुन्या वह्यांची कोरी पानं कापून हाताएवढ्या चिठ्ठ्या करा. आठवडाभर घरात, शाळेत, बाजारात, क्रिकेटच्या मैदानावर जिथे जिथे ‘लागणे’ कानावर पडेल, ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा. कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं तेही लिहा. रविवारी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि गठ्ठे करायला घ्या. शंका आली, की दोन चिठ्ठ्या एका वाक्यात बांधून मोठ्याने म्हणा. वाक्य लंगडलं तर गठ्ठे वेगळे. ‘वेळ लागला’ आणि ‘पैसे लागले’ बहुतेक एकत्र बसतील. ‘आग लागली’ आणि ‘दिवा लागला’ यावर घरात वाद होईल. आणि ‘आजोबांचा जरा डोळा लागलाय’ ही चिठ्ठी कोणत्या गठ्ठ्यात ठेवायची, ते ठरलं की आम्हाला नक्की कळवा.